गुच्छाची मागची बाजू

"किती छान काम आहे हो तुमचं! दिवसभर नुसतं फुलांत!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याने तोंड उघडलं की मला पुढचं कळतं. माणूस सज्जन असतो. दारातून आत येतो, डोळे मिटतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "आहा, काय वास!" मी हसते. मला त्यातला काहीएक वास येत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर नाक कधीच संपावर गेलंय. आता मला एकच वास कळतो, बादलीतलं पाणी कुजायला लागलं की येतो तो. तो मात्र मला रस्त्याच्या पलीकडूनही कळेल.

लोकांचे समज तरी किती असावेत. फुलवाली म्हणजे मृदू स्वभावाची. फुलवाली म्हणजे सकाळी आरामात उठून चार देठ इकडचे तिकडे करणारी. एका बाईने मला विचारलं, "तुम्ही फुलांशी बोलता का हो?" बोलते की. गुलाबाचा काटा नखाखाली गेला की जे बोलते ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. आणि सगळ्यात मोठा समज म्हणजे माझं दुकान प्रेमात पडलेल्या पोरांवर चालतं. प्रेमात पडलेली पोरं एक गुलाब घेतात आणि त्यावरही घासाघीस करतात. माझं दुकान चालतं ते मयतांवर. पुष्पचक्रं नसती तर मी कधीच कुलूप लावलं असतं.

खरं काम कुणाला दिसत नाही, कारण ते दिसू द्यायचं नसतं. उजाडायच्या आत गाडी येते. खोकी उतरवायची, देठ तिरके कापायचे, खालची पानं ओरबाडून काढायची, जर्बेराच्या मान टाकलेल्या देठांना तार लावायची. आणि बादल्या. फुलवालीचं खरं हत्यार म्हणजे कात्री नव्हे, घासणी. बादली नीट घासली नाही तर महागातलं फूल उद्या संध्याकाळी मान टाकतं. दुकानाच्या मागे थंड खोली आहे, तिच्यात उभं राहून हे सगळं करायचं. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालते.

आमचे हे होते तेव्हा ते उचलायचे आणि मी बांधायची. त्यांचा एकच नियम होता. गुच्छाचं तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ आपल्याकडे. प्रत्येक गुच्छाला मागची बाजू असते. तिथे आखूड फुलं असतात, तारा असतात, चिकटपट्टी असते. ती लोकांना दाखवायची नाही. ते गेल्यापासून उचलायचं मी आणि बांधायचंही मी. नियम तेवढा तसाच राहिला.

आता चिमीबद्दल सांगते. चिमी माझी धाकटी बहीण. पन्नाशी कधीच उलटली, पण सगळे चिमीच म्हणतात. शाळेच्या ऑफिसात होती, तिथले शिपाईसुद्धा चिमीताई म्हणायचे. तिचा नवरा बऱ्याच दिवसांच्या दुखण्यानंतर गेला आणि पाठोपाठ तिची नोकरी संपली. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, लेक म्हणतोय कायमची ये इकडे. त्याला जुळी झाल्यापासून घरात नुसता गोंधळ आहे. पण मला आधी तुझ्याकडे राहून बघायचंय. आठवडाभर येते. जमलं तर तुझ्याकडेच राहीन म्हणते. चालेल ना?"

चालेल ना म्हणे. मी फोन कानाला लावून जिन्यातच बसले.

मला काय वाटलं ते सरळ सांगते, कारण त्याशिवाय पुढचं वेडेपण कळायचं नाही. दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. दुकान बंद करून बादल्या घासून झाल्या की मी वर जाते आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवते, कारण एकटीने टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. रेडिओ लावते, तो ऐकायला नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. शेजारी चष्म्याचं दुकान आहे. तो चष्मेवाला बिचारा चांगला माणूस आहे. बंद करायच्या वेळी तो डोकावला की मी त्याला काहीही सांगत बसते, गाडी उशिरा आली, शेवंतीला कीड होती, आणि तो घड्याळाकडे बघायला लागला की मला स्वतःचीच लाज वाटते. मला चिमी हवी होती. समोरच्या खुर्चीत, रोज.

पण चिमी लहानपणापासून नाजूक. जरा गार वारा लागला की शिंकांची माळ सुरू. आणि माझ्या कामाबद्दल तिची कल्पना गिऱ्हाइकांपेक्षा वेगळी नव्हती. "तुझं काय बाई, तू फुलांत असतेस," हे ती मला वर्षानुवर्षं म्हणत आलीय. मी विचार केला, हिने मागची खोली बघितली, माझी पाठ बघितली, की ही आल्या पावली लेकाकडे पळेल. तर नको बघायला. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. एकदा रुळली की हळूहळू कळेल.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षाही लवकर उठले आणि गाडीवाल्याला मागच्या दाराशी गाठलं.

"भोंगा वाजवलास तर याद राख," मी म्हटलं. "खोकी हळू ठेव."

"घरात कुणी आजारी आहे का, ताई?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"पाहुणी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाहुण्यांसाठी कुणी इतकं घाबरलेलं त्याने बघितलं नसावं.

चिमी उठेपर्यंत मी खोकी फोडली, देठ कापले, बादल्या भरल्या, जमीन पुसली, कचरा बाहेर टाकला, अंघोळ केली, हाताला क्रीम चोळलं आणि इस्त्रीचे कपडे घालून गल्ल्यामागे जाऊन बसले. पाठीतून कळा येत होत्या. चिमी जिना उतरून आली आणि पायरीवरच थांबली.

"अगंबाई! हे सगळं कधी केलंस?"

"त्यात काय करायचंय?" मी म्हटलं. "फुलं ती. पाण्यात ठेवली की झालं."

हेच वाक्य एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर मी त्याला दारापर्यंत ऐकवत गेले असते. माझ्या तोंडून ते कसं सुळकन निघून गेलं.

"मी काय करू?" चिमीने विचारलं.

"तू बस. चहा घे."

पहिले दोन-तीन दिवस असेच गेले. मागच्या खोलीकडे ती वळली की मी आडवी यायची. "तिकडे नको जाऊ, थंडी बाधेल." माझ्या मनगटावरचे ओरखडे तिने बघितले.

"हे काय गं?"

"शेजारचं मांजर. फार वाह्यात आहे."

नशीब असं की त्याच दुपारी चष्मेवाला आला आणि चिमीने त्याला मांजराबद्दल विचारलं. "मांजर? माझ्याकडे?" तो म्हणाला. मी गल्ल्याखालून त्याच्या पायावर पाय दिला. माणूस मात्र हुशार. "हो हो, मांजर," तो म्हणाला. "काय सांगू तुम्हाला, ऐकतच नाही कुणाचं." नंतर तर त्याला इतका रंग चढला की त्याने मांजराचं आजारपणही रंगवून सांगितलं. चिमीने हळहळून त्या मांजराला काय खायला द्यावं तेही सुचवलं. तो गेल्यावर मी खोकल्याचं निमित्त करून मागे जाऊन हसून आले.

चिमी काम मागत राहायची. मी तिला फिती कापायला दिल्या. तिने इतक्या फिती कापल्या की पुढच्या वर्षीही पुरतील. मग म्हणाली, "पुरे गं आता. काहीतरी खरं दे." तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची बायको दवाखान्यात होती, साधासा गुच्छ हवा होता. चिमीने फुलं निवडली, कागदात गुंडाळली, फीत बांधली. चेहरा अगदी शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. ती गल्ल्यातून सुटे काढायला वळली आणि माझ्या हातांनी आपोआप तिची गाठ सोडली. गाठ फार खाली बसली होती, दवाखान्याच्या दारात सगळं सुटलं असतं. मी पटकन वर ओढून बांधली. मान वर केली तर समोरच्या कपाटाच्या काचेत चिमी मला बघत होती.

तिने सुटे मोजून गृहस्थांच्या हातावर ठेवले. गृहस्थ गेल्यावर म्हणाली, "चहा करू?"

"मी करते. तू बस."

आणखी एक गोष्ट झाली. जुन्या ओळखीच्या घरातून पुष्पचक्रासाठी फोन आला. मोठं हवं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे सबंध दिवस मागच्या खोलीत वाकून. मी चिमीकडे बघितलं आणि फोनवर म्हटलं, "या वेळी जमायचं नाही हो." तसं मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. फोन ठेवला तर चिमी कौतुकाने बघत होती.

"नाही म्हणायची चैन आहे बाई तुला," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसात नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती."

दिवसाचं हे असं, पण संध्याकाळी! संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसून जेवायचो. लहानपणी आई विसरभोळेपणाने दोनदा मीठ घालायची आणि बाबा मुकाट्याने खाऊन वर "छान झालंय" म्हणायचे, त्यावरून आम्ही हसत सुटायचो. एकदा चिमी हसता हसता खुर्चीवरून घसरली. रेडिओ कोपऱ्यात गप्प होता. मी अंथरुणाला पाठ टेकली की पलीकडच्या खाटेवरचं तिचं बारीक घोरणं ऐकता ऐकता झोप लागायची. मला वाटलं, जमलं. चिमी दुकानात असताना मी वर जाऊन कपाटातला ह्यांचा कप्पा रिकामा केला. त्यांचे सदरे एका पिशवीत भरले. तिला जागा लागेल ना.

आठवडा संपत आला तेव्हा लग्नाचं काम होतं. मी मुद्दामच ते शेवटी ठेवलं होतं. नवरीचा गुच्छ बघून भल्याभल्यांचं मन विरघळतं. सकाळपासून पांढरे गुलाब आणि लिली घेऊन मी पुढे दुकानातच बांधत बसले, तिला दिसावं म्हणून. चिमी स्टुलावर बसून बघत होती. लग्नघरचं माणूस गुच्छ घेऊन गेलं. दुकान रिकामं झालं. मी म्हटलं, आता विचारावं. पण तीच आधी बोलली.

"ताई, मी सकाळी लेकाला फोन केला. उद्या निघते."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "का गं? करमलं नाही?"

"करमलं नाही कसं? इतकी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते." ती फितींचा गठ्ठा उगीच सरळ करत होती. "पण तुझं सगळं इतकं छान बसलंय. मी आठवडाभर शोधत होते, कुठे हात घालायला जागा मिळते का. नाही मिळाली. मी उठायच्या आत तुझं सगळं झालेलं असतं. कपड्यांची इस्त्री मोडत नाही तुझ्या. मी एक गाठ मारली, ती पण तू सोडलीस. मी इथे राहून करू काय? शोभेला बसू? ताई, घरी मी दिवसभर नुसती बसून असते. मला आणखी कुठे जाऊन बसायचं नाही. तिकडे सून फोनवर रडते गं. म्हणते, आई, मला अंघोळीलासुद्धा वेळ मिळत नाही."

मी कात्री खाली टाकली. मी तिचा हात धरला आणि तिला ओढत मागच्या खोलीत नेलं.

आणि ती खोली! नेमकी लखलखीत. जमीन कोरडी, रिकाम्या बादल्या घासून एकात एक घातलेल्या, खोकी दुमडून कोपऱ्यात. मीच पहाटे केली होती. भरलेल्या बादल्यांमधून फुलं मजेत उभी होती. बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणी राहायलाही यावं.

"हे सगळं मी करते," मी म्हटलं. "रोज. पहाटे. तुला कळू नये म्हणून चोरून करत होते. पाठ मोडते माझी. मांजर वगैरे काही नाहीये, हे काटे आहेत. ते मयताचं काम मी तुझ्यासाठी सोडलं. ती बादली उचल. उचल म्हणते ना!"

चिमीने वाकून बादली उचलली. सहज उचलली, चार पावलं नेली आणि खाली ठेवली. मग तिने माझे दोन्ही हात पालथे करून, उलटे करून बघितले.

"सांगितलं का नाहीस?"

"घाबरून पळशील म्हणून."

ती आधी हसली. मग तिचे डोळे भरले. "ताई, ह्यांना शेवटी शेवटी मी एकटी उचलून बसवत होते. अंघोळ घालत होते. मी बादलीला घाबरले असते?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की. तिचा नवरा आजारी होता तेव्हा मी दर रविवारी फोन करायची आणि ती म्हणायची, "चाललंय." मी ते खरं मानून फोन ठेवायची. तिच्या घराची मागची खोली मी तरी कधी बघितली होती?

"मग आता राहा," मी म्हटलं.

"आता कसं राहू? लेक तिकीट काढून मोकळा झालाय. सुनेने त्याच्या हातातून फोन घेतला आणि काही बोलूच शकली नाही, नुसती रडली. आता तिला काय सांगू, विचार बदलला म्हणून?" चिमीने माझे हात सोडले नव्हते. "पण तू हे एकटीने करायचं नाहीस. कामाला एक बाई ठेव. चांगली दणकट. बादल्यांसाठी बहीण कशाला हवी? कबूल कर."

ती माझ्याकडे बघत उभी होती. मला वाटतं, ती वाट बघत होती. मी म्हणायला हवं होतं की चिमे, बादल्यांसाठी नकोयस तू मला. बादल्या जाऊ देत खड्ड्यात. लोकांना वाटतं, फुलवालीला शब्द सुचतात. गुच्छाला लावायच्या कार्डावर काय लिहू म्हणून भले भले माझ्यापुढे अडून बसतात आणि मी त्यांना सांगते, हे लिहा, ते लिहा, तुझ्यावाचून करमत नाही असं लिहा. दुसऱ्याच्या वतीने मी हे वाक्य कित्येकदा लिहिलंय. स्वतःच्या तोंडाने कामाची सगळी गाऱ्हाणी भराभर सांगून झाली, पण ते एक वाक्य काही निघेना. इतकी मोठी बाई, धाकट्या बहिणीपुढे, एकटं वाटतं म्हणून कशी सांगू?

"ठेवते बाई कामाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिमी गेली. टॅक्सीत बसताना म्हणाली, "पाठीला शेक घेत जा." मी मान डोलावली. वर गेले, तर पलीकडच्या खाटेवर तिने चादरीची नीट घडी करून ठेवली होती, अगदी पाहुण्यांसारखी.

बाई मिळाली. चष्मेवाल्यानेच आणून दिली. दणकट, चटपटीत, कमी बोलणारी. एका खेपेत दोन बादल्या नेते. गाडीवाला तिच्यावर खूश आहे. देठ कसे कापायचे ते तिला एकदाच सांगावं लागलं. माझी पाठ दुखायची थांबली, नखं वाढायला लागली.

चिमीचा फोन येतो. मागे एक पोर रडत असतं, दुसरं ओरडत असतं, भांडी पडत असतात.

"बाई कशी आहे?" ती विचारते.

"चांगली आहे. सगळं करते."

"बघ, म्हटलं होतं की नाही? आता तुला आराम. थांब गं, हा उठला, ठेवते हं." आणि फोन बंद.

आराम म्हणजे काय ते मला आता कळलंय. पूर्वी दुकान बंद केलं की मागे जाऊन बादल्या घासायच्या असायच्या. घासता घासता हात भरून यायचे आणि वर गेलं की डोळे मिटायचे. आता बंद करायच्या वेळेला बादल्या घासलेल्या असतात. जमीन पुसलेली असते. बाहेर अजून उजेड असतो आणि वर जाण्यावाचून काही काम उरलेलं नसतं.

काल मी एक स्वच्छ बादली उचलली आणि घासायला बसले. बाई घरी जायला निघाली होती, पिशवी विसरली म्हणून परत आली आणि दारात उभी राहिली. तिचा चेहरा उतरला.

"ताई, मी नीट घासत नाही का?"

"छान घासतेस," मी म्हटलं. "मला वर जायचं नसतं म्हणून घासतेय. वर कुणी नाही. एकटीला फार वाईट वाटतं गं संध्याकाळचं."

झालं. एका दमात सांगून झालं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. चिमीपुढे जे निघालं नव्हतं, ते मी आडनावही नीट माहीत नसलेल्या बाईला सांगितलं.

ती गोंधळली. पिशवीचा बंद तिने हाताभोवती गुंडाळला, परत सोडला. बसायला स्टूल होतं, त्याच्याकडे तिने एकदा बघितलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"माझी बस आहे, ताई," ती म्हणाली. "पोरं वाट बघत असतील. उद्या येते हं." आणि जाताना दार अगदी हलक्या हाताने ओढून घेतलं.